दाढेच्या मुळाशी लावलेले एम्डोगेन: ठाण्यात घेतलेल्या एका उपचाराचे परीक्षण

एम्डोगेन हे हिरड्यांच्या शस्त्रक्रियेत दाताच्या मुळावर लावले जाणारे प्रथिनांचे जेल आहे. ठाण्यात नौपाड्यातील एका दंतचिकित्सालयात ते माझ्या खालच्या डाव्या पहिल्या दाढेसाठी वापरले गेले, त्याला आता वर्ष उलटून गेले आहे. ज्याच्या दाढेलगतचे हाड एकाच बाजूला खोल आणि अरुंद खड्ड्यासारखे झिजले आहे, जो तंबाखू खात नाही किंवा सिगारेट ओढत नाही आणि जो नंतरची काळजी काटेकोरपणे घेणार आहे, अशा रुग्णाने या जेलचा खर्च जरूर करावा, असे माझे मत झाले आहे. इतरांनी पैसे भरण्यापूर्वी आपल्या हाडाची झीज नेमकी कोणत्या आकाराची आहे, हे डॉक्टरांकडून क्ष-किरण चित्रावर बोट ठेवून समजून घ्यावे. चिकित्सालयाचे नाव मी येथे देत नाही, कारण हे परीक्षण प्रामुख्याने जेलचे आणि ते वापरण्याच्या पद्धतीचे आहे.

मी रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील एका रसायन कारखान्याच्या गुणवत्ता-नियंत्रण प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे कोणत्याही बाटलीवरचे लेबल, बॅच क्रमांक आणि साठवणुकीचे तापमान वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि हे परीक्षण लांबण्याचे तेच कारण आहे.

दाढेची अवस्था थोडक्यात सांगते. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधील फट साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. माझ्या दाढेच्या पुढच्या बाजूस ती ८ मिलिमीटर भरली. दाढ किंचित हलत होती, अधूनमधून पू येत होता आणि दुसऱ्या एका ठिकाणी मला दाढ काढून इम्प्लांट बसवण्याचा सल्ला मिळाला होता. नौपाड्यातील हिरड्यांच्या विशेषज्ञ डॉक्टरांनी मात्र प्रथम मुळांची खोलवर सफाई केली, सूज उतरण्यासाठी काही आठवडे जाऊ दिले, पुन्हा मापे घेतली आणि मगच शस्त्रक्रियेचा विषय काढला. सफाईनंतरही खोली ७ मिलिमीटरच राहिली होती. हाडाचा खड्डा तीन बाजूंनी हाडाच्याच भिंतींनी वेढलेला असल्यामुळे तो भरून येण्याची शक्यता चांगली आहे, असे त्या म्हणाल्या. घाई न करणे ही या सेवेतील मला सर्वात आधी जाणवलेली चांगली गोष्ट होती.

आता जेलविषयी. त्यातील मुख्य घटक अमेलोजेनिन हे प्रथिन आहे, आणि ते निसर्गात दाताच्या मुळावर नव्हे, तर दाताच्या वरच्या भागावर एनॅमल हे कठीण आवरण तयार होताना स्रवते. मग एनॅमलचे प्रथिन मुळाला का लावायचे, हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारला आणि डॉक्टरांनी तो टाळला नाही. त्यांनी कागदावर दाताची आकृती काढून जे सांगितले आणि त्यानंतर मी स्वतः जे वाचले, ते येथे सविस्तर मांडते, कारण या उत्पादनाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा दोन्ही तेथेच कळतात.

गर्भाच्या सुमारे सहाव्या आठवड्यात जबड्याच्या कडेने आवरणपेशींची, म्हणजे पृष्ठभाग झाकणाऱ्या पेशींची, एक पट्टी जाड होऊ लागते आणि तिच्यातून दातांचे अंकुर खाली उतरतात. अंकुराच्या वरच्या आवरणपेशी आणि त्याखालच्या सैल ऊतकातील पेशी एकमेकींना सतत संदेश देत असतात. पण हा संवाद पोकळीतून होत नाही. दोन्ही थरांच्या मध्ये लॅमिनिन, चौथ्या प्रकारचे कोलॅजेन आणि परलेकन यांनी विणलेले एक पातळ आधारपटल असते, आणि पेशींच्या भोवती सर्वत्र त्यांनीच स्रवलेल्या प्रथिनांचे जाळे, म्हणजे पेशीबाह्य आधारद्रव्य असते. कोणत्या पेशीने कोठे थांबायचे, कोणत्या दिशेला तोंड करायचे आणि केव्हा स्रवायला लागायचे, हे ठरवण्यात या आधारद्रव्याचा मोठा वाटा असतो. हेलसिंकी येथे इर्मा थेस्लेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की अंकुराखालच्या पेशी जेथे दाट गोळा होतात, तेथे टेनॅसिन आणि सिंडेकन हे रेणू वाढलेले दिसतात. लॅमिनिनच्या एका उपघटकाचे जनुक सदोष असेल, तर त्वचेला फोड येण्याच्या एका गंभीर आजाराबरोबर एनॅमलही खडबडीत आणि खळगे पडलेले तयार होते. म्हणजेच ज्याला आपण दोन पेशींच्या मधले भरण समजतो, त्याच्यातील एका प्रथिनाच्या दोषाने दाताचा पृष्ठभाग बिघडतो.

पुढे घंटेच्या आकाराच्या अवस्थेत आतील बाजूच्या पेशी ओडोंटोब्लास्ट बनतात आणि डेंटिनचे, म्हणजे एनॅमलखालच्या दाताच्या मुख्य कठीण भागाचे, आधारद्रव्य स्रवू लागतात. त्याच्या सेंद्रिय भागापैकी सुमारे ९० टक्के भाग पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनचा असतो. उरलेल्या भागातील डीएसपीपी या प्रथिनाचे तुकडे होऊन जी आम्लधर्मी प्रथिने तयार होतात, ती कोलॅजेनच्या धाग्यांवर खनिज बसण्याची प्रक्रिया नियंत्रित करतात. या एकाच जनुकात बिघाड झाला, तर काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या दात निळसर-तपकिरी, अर्धपारदर्शक आणि लवकर झिजणारे निघतात. डेंटिनचा पहिला थर पडल्यावर समोरच्या, एनॅमल घडवणाऱ्या अमेलोब्लास्ट पेशींना काम सुरू करण्याची खूण मिळते आणि त्या अमेलोजेनिन, अमेलोब्लास्टिन व एनॅमेलिन ही प्रथिने स्रवतात; त्यांत अमेलोजेनिनचा वाटा सुमारे ९० टक्के असतो. त्याचे रेणू एकत्र येऊन सूक्ष्म गोलक बनवतात आणि या गोलकांच्या मधून कॅल्शियम फॉस्फेटचे लांबच लांब स्फटिक एका दिशेने वाढतात. स्लॅब भरताना लावलेले सेंटरिंग काँक्रीट पक्के झाल्यावर काढून घेतात, तसे येथेही होते: एमएमपी-२० आणि केएलके-४ हे दोन एन्झाइम टप्प्याटप्प्याने ही प्रथिने तोडतात, पेशी ती परत शोषून घेतात आणि त्या रिकाम्या जागेत स्फटिक जाड होतात. पूर्ण झालेल्या एनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि प्रथिनांचा केवळ अंश शिल्लक राहतो. दात तोंडात येताना अमेलोब्लास्ट पेशी नष्ट होतात, म्हणून माणसाच्या शरीरात एनॅमल पुन्हा तयार होत नाही. टूथपेस्टच्या जाहिरातींत 'एनॅमल परत आणा' असे म्हटलेले असते, तेव्हा फार तर पृष्ठभागाच्या कमजोर झालेल्या स्फटिकांत खनिज परत भरणे एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

माझ्या दाढेचा हिशेब या वेळापत्रकात बसवून पाहिला, तर खालच्या पहिल्या कायमच्या दाढेत खनिज साठण्याची सुरुवात जन्माच्या सुमारास होते, तिचा वरचा भाग अडीच-तीन वर्षांपर्यंत पूर्ण होतो, ती सहाव्या वर्षाच्या आसपास तोंडात दिसते आणि मुळे नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत पुरी होतात. पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या तोंडात त्यातील एखादा टप्पा पुन्हा घडवून आणायचा, असा या जेलचा दावा आहे. आणि तो टप्पा एनॅमलचा नसून मुळाचा आहे.

मुळाची वाढ होताना हर्टविग यांच्या नावाने ओळखला जाणारा आवरणपेशींचा एक पडदा खाली सरकत जातो. हा पडदा फाटला, की भोवतालच्या पेशी मुळाच्या डेंटिनपर्यंत पोहोचतात आणि त्यावर सिमेंटम नावाचा पातळ, कठीण थर चढवतात. दात आणि हाड यांना जोडणारे कोलॅजेनचे तंतू एका टोकाने या सिमेंटममध्ये आणि दुसऱ्या टोकाने हाडात रुतलेले असतात. दात जबड्यात घट्ट बसतो तो या तंतूंमुळे. उंदरांत बोन सायलोप्रोटीन या आधारद्रव्यातील प्रथिनाचे जनुक काढून टाकले, की मुळाच्या वरच्या भागातील पेशीविरहित सिमेंटम नीट तयारच होत नाही आणि तंतूंना पकडायला जागा उरत नाही, इतके हे प्रकरण आधारद्रव्यावर अवलंबून आहे. स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतील लार्स हॅमरस्ट्रॉम यांचे म्हणणे असे होते, की हर्टविगच्या पडद्यातील पेशी मुळावर एनॅमलच्या आधारद्रव्यासारखी प्रथिने सोडतात आणि त्यांच्या संपर्कात आल्यामुळेच सिमेंटम घडवणाऱ्या पेशी जाग्या होतात. माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगांत अशी प्रथिने लावलेल्या ठिकाणी पेशीविरहित सिमेंटम तयार झालेले त्यांना आढळले आणि १९९७ मध्ये त्यांनी ही मांडणी प्रसिद्ध केली.

या मांडणीवर सर्वांचे एकमत नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. मुळाच्या वाढीत हा पडदा अमेलोजेनिन खरोखर किती स्रवतो आणि सिमेंटमच्या उगमात त्याची भूमिका केवढी, याबद्दल संशोधकांचे मतभेद आहेत. जेलमध्ये अमेलोजेनिनबरोबर अत्यल्प प्रमाणात येणाऱ्या वाढ-घटकांचा परिणाम किती, हाही वादाचा मुद्दा आहे. डॉक्टरांनी सल्लामसलतीत हे स्वतःहून सांगितले. 'मॅडम, जेलचा उपयोग होतो हे चाचण्यांत दिसते, पण तो नेमका का होतो याचे उत्तर अजून अर्धेच हातात आहे,' या त्यांच्या वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. विक्रेत्याकडून आलेल्या रंगीत माहितीपत्रकात मात्र हा संशय कोठेही डोकावत नाही.

उत्पादनाचा इतिहास फार मोठा नाही. स्वीडनमधील माल्मो येथील बायोरा या कंपनीने ते विकसित केले, १९९५ मध्ये ते युरोपात बाजारात आले, १९९६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली आणि २००३ मध्ये बायोरा कंपनी स्वित्झर्लंडच्या स्ट्रॉमन समूहाने विकत घेतली. प्रथिने काढली जातात ती डुकराच्या कोवळ्या, अजून हिरडीबाहेर न आलेल्या दातांच्या अंकुरांतून. त्यांना प्रोपिलीन ग्लायकॉल अल्जिनेट या वाहकात मिसळून आम्लधर्मी जेल बनवतात. आम्लधर्मी जेलमध्ये प्रथिने विरघळलेल्या स्थितीत राहतात, पण शरीरातील उदासीन पीएच मिळताच ती मुळाच्या पृष्ठभागावर बसतात आणि वाहक पातळ होऊन निघून जातो. प्रथिनांच्या या गुणधर्माचा वापर करून घेणारी ही रचना एक रसायनतज्ज्ञ म्हणून मला अतिशय आवडली. प्रथिनांचे प्रमाण दर मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम असते आणि भरलेली, निर्जंतुक सिरिंज थेट वापरता येते.

डुकराच्या उल्लेखावर थोडे थांबते, कारण ठाण्यासारख्या शहरात हा प्रश्न किरकोळ नाही. मी मासे-मटण खाणाऱ्या घरातली आहे. तरीही क्षणभर विचार करावा लागला, आणि माळकरी असलेल्या माझ्या जाऊबाईंनी तर 'मला असले काही लावायचे असेल, तर आधी सांगतील ना?' असे विचारले. त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. या चिकित्सालयात तो रुग्णाला विचारावाच लागला नाही. संमतिपत्राच्या पहिल्या पानावरच प्राणिजन्य उगम ठळक लिहिलेला होता आणि डॉक्टरांनी तो तोंडीही सांगितला. नको असेल, तर कृत्रिम हाडपूड किंवा रुग्णाच्याच रक्तापासून तयार केलेला फायब्रिनचा पापुद्रा हे पर्याय आहेत, हे त्यांनी त्याच वेळी समजावले. हाडपूड किंवा खड्ड्यावर झाकायचा पडदा निवडतानाही सावध राहावे, असा माझा सल्ला आहे, कारण त्यांतील काही उत्पादने गाईच्या हाडांपासून आणि काही डुकराच्या कोलॅजेनपासून बनतात. जैन, मुस्लिम किंवा कट्टर शाकाहारी रुग्णाने 'हे कशापासून बनले आहे?' हा प्रश्न प्रत्येक वस्तूबाबत स्वतंत्रपणे विचारावा.

संमतिपत्राबद्दल माझी एक तक्रार आहे. ते केवळ इंग्रजीत होते. नौपाड्यात, गोखले रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, निम्म्याहून अधिक रुग्ण स्वागतकक्षात मराठीत बोलत असताना चार पानांचे संमतिपत्र इंग्रजीत देणे बरे दिसत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजोबांनी ते न वाचताच सही केली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टरांनी फ्रिजमधून पेटी काढून माझ्यासमोर सील उघडले. पेटीवर छापलेली साठवणुकीची मर्यादा आणि फ्रिजमधील थर्मामीटरचा आकडा मी ताडून पाहिला, मुदत आणि लॉट क्रमांक वाचला, आणि त्या क्रमांकाचा स्टिकर माझ्या फाइलमध्ये चिकटवला गेला. असा आग्रह धरणारी मी त्यांची पहिलीच रुग्ण असावे, कारण सहायक मुलगी हसू दाबत होती. पण कोणीही कुरकुर केली नाही. भूल दिल्यानंतर हिरडी बाजूला करून मुळाची सफाई झाली. त्यानंतर मुळावर ईडीटीए या कॅल्शियम बांधून घेणाऱ्या रसायनाचे २४ टक्क्यांचे जेल दोन मिनिटे लावून ठेवले गेले. सफाईनंतर मुळावर उरलेला चुऱ्याचा थर त्याने निघतो आणि कोलॅजेन उघडे पडते, पण पीएच उदासीनच्या जवळ असल्यामुळे आजूबाजूच्या ऊतकाला तीव्र आम्लासारखी इजा होत नाही. मग जागा सलाइनने धुऊन रक्त पुसले आणि लगेच एम्डोगेन लावले.

हा क्षण सर्वांत नाजूक आहे आणि डॉक्टरांचे कौशल्य येथेच कामी येते. मुळावर आधीच रक्त पसरले असेल, तर रक्तातील प्रथिने ती जागा अडवतात आणि अमेलोजेनिनला नीट चिकटता येत नाही. त्यामुळे जेल लावण्याच्या आधी त्या शांतपणे थांबल्या, पुन्हा धुतले, पुन्हा पाहिले आणि मगच सिरिंज उचलली. टाकेही अतिशय बारीक होते. हेच जेल घाईघाईने, रक्ताने भरलेल्या खड्ड्यात पिळले, तर त्याच किमतीत रुग्णाला जवळजवळ काहीच मिळणार नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून उत्पादनाच्या नावापेक्षा ते लावणाऱ्या हाताची चौकशी आधी करावी.

नंतरचे दिवस अपेक्षेपेक्षा सोपे गेले. सूज बेताची होती आणि वेदनाशामक गोळ्या लवकरच बंद केल्या. त्या बाजूने चावायचे नाही, ब्रश लावायचा नाही आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने चुळा भरायच्या, एवढे पथ्य होते. त्या चुळांनी दातांवर तपकिरी डाग पडले आणि चहाची चव काही काळ गेली. हे त्या औषधाचे नेहमीचे परिणाम आहेत आणि सफाईनंतर डाग निघाले. त्या जागी निदान सहा महिने फटीची खोली मोजणारी मोजपट्टी घालायची नाही, हा नियम त्यांनी पाळला. मला मात्र आकडा जाणून घेण्याची घाई झाली होती, हे मान्य करते.

वर्षानंतरची मोजणी अशी आहे: शस्त्रक्रियेपूर्वी ७ मिलिमीटर असलेली खोली आता ४ आहे, दाढ हलत नाही, पू येत नाही आणि क्ष-किरण चित्रात खड्ड्याच्या तळाशी पूर्वी काळी दिसणारी जागा बरीच भरलेली दिसते. हिरडी थोडी खाली सरकल्यामुळे मुळाचा एक पट्टा उघडा पडला आहे आणि थंड पाण्याची कळ तेथे जाणवते. चित्रात हाड दिसले म्हणून मी आनंदित झाले, तेव्हा डॉक्टरांनी लगेच आवरले: चित्रात हाड दिसते, पण त्या हाडापासून मुळापर्यंत नवे तंतू खरोखर रुतले आहेत की मधे फक्त आवरणपेशींचा लांब थर चिकटला आहे, हे मोजपट्टीवरून किंवा चित्रावरून सांगता येत नाही. त्यासाठी तो भाग कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, आणि वाचवलेल्या दाढेवर तसे कोण करणार? अमेरिकेत युक्ना आणि मेलोनिग यांनी २००० मध्ये हेच जेल वापरलेल्या दहा दातांचे असे निरीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा तीन ठिकाणी सिमेंटम, तंतू आणि हाड यांचे खरे पुनरुज्जीवन आढळले, तीन ठिकाणी केवळ तंतुमय ऊतकाची नवी जोडणी होती आणि चार ठिकाणी आवरणपेशींचाच थर होता. माझी दाढ या तिन्हींपैकी कोणत्या गटात आहे, हे मला कधीच कळणार नाही आणि जेवताना त्याने काही फरकही पडत नाही. पण उत्पादनाचे मूल्यमापन करताना तो फरक लक्षात ठेवायला हवा.

त्यातही माझ्या ३ मिलिमीटरच्या सुधारणेचे सगळे श्रेय जेलला देणे अयोग्य ठरेल. हिरडी उघडून केलेली नीट सफाई आणि नंतरची स्वच्छता यांनीही खोली कमी होतेच. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २००९ च्या आढाव्यात एस्पोसिटो आणि सहकाऱ्यांनी चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा केवळ शस्त्रक्रियेच्या तुलनेत या जेलमुळे ऊतकाच्या मुळाशी असलेल्या जोडणीत सरासरी १.१ मिलिमीटर आणि खोलीत सरासरी ०.९ मिलिमीटर एवढा अधिक फायदा दिसला. काटेकोरपणे केलेल्या चाचण्याच घेतल्या, तर तो आणखी कमी भरला, आणि जेलमुळे अधिक दात वाचतात असा पुरावा त्यांना मिळाला नाही. एका मिलिमीटरसाठी इतका खर्च करायचा का, असा प्रश्न कोणी विचारला, तर मी त्याला वेडगळ म्हणणार नाही. मी तो खर्च केला, कारण माझा खड्डा अरुंद आणि तीन भिंतींचा होता, दाढ इतर बाबतीत भक्कम होती आणि शेजारचे दात निरोगी होते. अशा स्थितीत सरासरीपेक्षा चांगल्या निकालाची अपेक्षा धरणे वाजवी होते. हाड सगळीकडे सारखेच खाली बसले असेल, मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू सुटत नसेल, तर हेच पैसे नियमित सफाईवर आणि दातांच्या मधल्या फटींसाठीच्या ब्रशवर खर्चणे अधिक शहाणपणाचे आहे.

किमतीबाबत चिकित्सालयाची पद्धत स्वच्छ होती: शस्त्रक्रियेचे शुल्क, सिरिंजची किंमत आणि क्ष-किरण चित्रांचे पैसे बिलात वेगवेगळे दाखवले होते. सिरिंज एकदा उघडली, की उरलेले जेल टाकून द्यावे लागते, आणि एका लहान खड्ड्यासाठी सिरिंजमधील सगळे जेल लागत नाही. शेजारच्या दाताचीही अशीच शस्त्रक्रिया होणार असेल, तर दोन्ही एकाच बैठकीत होतील का, हे आधी विचारावे. तसे झाले तर एक सिरिंज वाचू शकते. माझ्याकडे दुसरा खड्डा नव्हता, त्यामुळे उरलेले जेल डोळ्यांदेखत कचऱ्याच्या पिशवीत गेले आणि कारखान्यात प्रत्येक मिलिलिटरचा हिशेब ठेवणाऱ्या मला ते पाहवले नाही.

सेवेच्या बाकीच्या बाजू मध्यम आहेत. चिकित्सालय पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे. नौपाड्यात गाडी लावायला जागा मिळणे अशक्यप्राय असल्यामुळे ठाणे स्थानकावरून चालत येणे किंवा रिक्षा करणे बरे. दिलेल्या वेळेपेक्षा बराच काळ थांबावे लागते, कारण डॉक्टर प्रत्येक रुग्णाशी माझ्याशी बोलल्या तितकेच बोलतात. त्यामुळे त्याबद्दल तक्रार करणे मला जमत नाही. दर तीन महिन्यांच्या देखभाल-सफाईसाठी स्वागतकक्षातून आठवणीचा फोन येतो आणि तो टाळू नये, कारण जेलचा फायदा टिकतो तो याच भेटींवर.

ज्यांना खासगी शुल्क परवडत नाही, त्यांनी ट्रान्स-हार्बर मार्गाने नेरूळला किंवा खारघरला जाऊन तेथील दंत महाविद्यालयांच्या हिरड्यांच्या विभागात चौकशी करावी. शस्त्रक्रिया पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली करतात, भेटी जास्त होतात आणि शुल्क कमी लागते. जेलची सिरिंज मात्र तेथेही रुग्णालाच विकत आणावी लागू शकते. म्हणून ती कोण मागवणार, तोपर्यंत कोणाच्या फ्रिजमध्ये राहणार आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली तर तिच्या मुदतीचे काय, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावे.